मेणाच्या टाकीला आठ पंख

४ जानेवारी १९८१, रविवार
नवी वही. प्रभावती दवाखान्यातून परस्पर शिरोळला, माहेरी गेली, त्याला पंधरवडा झाला. बाळ राहिलं नाही, विश्रांती हवीच. शिवाय आपल्याकडं पहाटे पाणी गारठ्ठ, डिसेंबरातच मोजून ठेवलंय. ती येईल तेव्हा गरम पाणी तयार पाहिजे. निश्चय! हायस्कुलात फिजिक्स शिकवणाऱ्याला अवघड काय? टाकीत मेण भरायचं. दिवसा उन्हानं वितळेल, पहाटे गोठताना नळीतल्या पाण्याला उष्णता देईल. आठवड्याचं काम.

११ जानेवारी, पहाटे ५
पाणी कोमट. कोमटसुद्धा म्हणवत नाही. नळीभोवतीचं मेण आधी गोठतं आणि पलीकडची उष्णता अडवून धरतं. दोष मेणाचा. उपाय: नळीला तांब्याच्या पट्ट्यांचे पंख, म्हणजे फिन्स. मोटरसायकलच्या इंजिनाला असतात तसे. ते मेणात लांबवर शिरून उष्णता ओढून आणतील. शिरोळला पत्र टाकलं: पंख बसले की न्यायला येतो.

१५ जानेवारी
काल संक्रांत. शिरोळला जायचं होतं, पण पंख नळीला डाग देऊन जोडणारे कुतुबुद्दीनभाई नेमके कालच मोकळे. म्हणाले, “मास्तर, टाकी कुठं पळतीया व्हय? आधी वैनींस्नी आणा की!” त्यांना फिजिक्स कळत नाही.

२२ जानेवारी
चोवीस पंख बसवले. मेणाला जागाच उरली नाही! एक तांब्या गरम, पुढं बर्फ. पत्राला उत्तर नाही. शिरोळचं पोस्ट ढिलं.

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६
आठ पंख! बादलीभर कढत पाणी! एकटाच “आलं, आलं” ओरडलो. शेजारच्या विठाबाई दार उघडून बघून गेल्या. दहाच्या एस.टी.नं शिरोळ. आज घेऊनच येणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
एकटाच आलो. प्रभावतीनं सगळं ऐकून घेतलं, पंख आठच का तेसुद्धा. मग म्हणाली, “मी गरम पाणी कधी मागितलं हो?” पुढं म्हणाली, “दवाखान्यात चार दिवस काढलं मी. तुम्ही एकदाच आलासा. ते पण नर्सबाईंकडं थर्मामीटर मागायला.”
सासरे, तवनाप्पा, उठून बाहेर गेले.
एस.टी.त बसल्यावर उत्तर सुचलं. एकदा नाही, दोनदा गेलो होतो. दुसऱ्या वेळी थर्मामीटर परत करायला.