नववी ‘ब’चा तास

मोठ्या बाई, तुमच्या खोलीत, तुमच्याच खुर्चीवर बसायला लागून मला आता काही वर्षं झाली. मी या शाळेत नवखी शिक्षिका म्हणून आले तेव्हा तुम्ही मुख्याध्यापिका होतात आणि मधल्या सुट्टीनंतर रोज नववीवर मराठीचा तास घ्यायचात. त्या वेळात कोणीही तुम्हाला बोलवायचं नाही, असा दंडक होता. एकदा शिक्षणाधिकारी न कळवता आले. शिपाई घाबरत घाबरत वर्गाच्या दाराशी उभा राहिला. तुम्ही हातातला खडूही खाली ठेवला नाहीत. म्हणालात, “त्यांना बसवा, चहा द्या. तास संपला की येते.” आणि साहेब खरोखर बसून राहिले. मी शेजारच्या वर्गात होते. मनात म्हटलं, मुख्याध्यापक व्हायचं तर असं. मी तेव्हा सदानकदा पळत असायचे, वह्यांचे गठ्ठे छातीशी धरून. जिन्यात तुम्ही मला थांबवलंत. “अहो, घड्याळ भिंतीवर लावलंय ना? मग तोंडावर कशाला लावून फिरता?” मी ओशाळून हसले होते. आता माझं तोंड कायमचं तसंच झालंय.

तुम्ही निवृत्त झाल्यावर एकदा नारायण पेठेत तुमच्या घरी आले होते. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून साबुदाण्याची खिचडी परतत होतात. मी विचारलं, एवढ्या कामात रोजचा तास कसा जमवायचात? “जमवायचं काय त्यात? वर्गात गेलं की दार लावून घ्यायचं.” मला ते फार आवडलं होतं. आज त्याच वाक्याचा राग येतो. बाई, दाराच्या बाहेर तुमचे हेडक्लार्क बसायचे, पर्यवेक्षिका होत्या, घंटा द्यायला आणि निरोप न्यायला शिपाई होते. हेडक्लार्क गेले, ती जागा भरली नाही. पर्यवेक्षिका गेल्या, शिपाई गेला, त्याही जागा भरल्या नाहीत. आता दाराच्या बाहेर कोणी नाही. दार लावलं तरी वाजतं, आणि नाही वाजलं तर फोन वाजतो.

सकाळी मी फाटकातून आत येते तोवर साहेबांच्या ग्रुपवर निरोप येऊन पडलेले असतात. सगळे तातडीचे. काल दिलेलीच माहिती आज वेगळ्या रकान्यांत हवी असते. आधार कार्डावरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळत नाही म्हणून पालक मजुरी बुडवून आलेले असतात, त्यांना परत कसं पाठवू? मुलांची खिचडी चाखायची, चाखतानाचा फोटो पाठवायचा. काही शिक्षक मतदारयादीच्या कामावर, त्यांचे तास मोकळे. पटसंख्या टिकली नाही तर आणखी शिक्षक अतिरिक्त ठरणार, म्हणून सुट्टीत आम्ही कात्रजपर्यंत घरोघर हिंडतो, मुलं द्या म्हणत. लोक पाणी देतात. मुलं इंग्रजी शाळेत घालतात.

मध्यंतरी आम्हाला वेळेच्या नियोजनाचं प्रशिक्षण झालं, लोणी काळभोरच्या एका कॉलेजात. एक तरुण गृहस्थ पडद्यावर चौकोन दाखवत होते, महत्त्वाचं कोणतं, तातडीचं कोणतं. समोर बसलेले आम्ही सगळे टेबलाखाली फोन धरून आपापल्या शाळेची माहिती पाठवत होतो. ते म्हणाले, “फक्त नाही म्हणायला शिका.” मागच्या रांगेतले एक मुख्याध्यापक उठले. “सायबाला नाय कसं म्हनायचं, तेवढं शिकवा की राव.” सगळे हसले. चहा झाला.

तरीही घरी येताना मी ठरवलं की तुमच्यासारखा एक तास आपणही धरून ठेवायचा. नववी ‘ब’ची भूमिती घेतली. पहिले काही दिवस फार चांगले गेले. हाताला खडू लागला की मला बरं वाटतं, तुम्हाला माहीत आहे. मग वर्तुळाचं प्रकरण आलं. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. मी आकृती काढली, पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, आणि ऑनलाइन बैठक लागली. दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला. पुन्हा वर्तुळ, पुन्हा पक्ष, पुन्हा साध्य. दारात एक पालक रडत उभ्या. नंतर तपासणीचं पथक. मी परत आले की मुलं स्वतःच वर्तुळ काढायला लागायची. पहिला अर्धा भाग त्यांना तोंडपाठ झाला होता, सिद्धता एकानेही पाहिली नव्हती.

गेल्या आठवड्यात त्या वर्गातल्या दोन मुली खोलीत आल्या. मी फोनवर होते, हाताने थांबा म्हटलं. त्या बराच वेळ थांबल्या. एक इथलीच. दुसरी यवतमाळकडची, वडील चाकणला कंपनीत. इथलीने सुरुवात केली, “मॅडम, रागवू नका, पण आमचा पोर्शन खूप मागे राहिलाय. ‘अ’चं पुढचं चॅप्टरपण झालं.” मी म्हटलं, “मग? जादा तास घेऊ का?” इथलीने दुसरीला कोपराने ढोसलं. दुसरी म्हणाली, “तुम्ही शिकवता तेव्हा समजते मॅडम. पण तुम्ही राहतच नाही. आम्हाला दुसऱ्या मॅडम भेटतील का?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, “हो, देते.” तासिका तत्त्वावर शिकवायला येणाऱ्या एका तरुण मुलीला तो वर्ग दिला. तिने ती सिद्धता एका तासात संपवली. आता मी कोणत्याच वर्गावर जात नाही. वेळापत्रकात माझ्या नावापुढे काही नाही. तुम्ही शिक्षिका आहात का, असं आता मला कोणी विचारलं तर काय दाखवू?

हे तुम्हाला का लिहितेय, कळत नाही. तुम्ही गेल्यावर तुमचं घर विकलं गेलं, तिथे आता दुसरीच माणसं राहतात. पाठवायला पत्ताच नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला आवडलं नसतं. त्या मुली गेल्यावर मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण ते नंतर. त्या दाराबाहेर पडल्या त्या क्षणी मनात आधी आलं ते एवढंच, की चला, एक काम कमी झालं.