दार न उघडणारी बाई

स्टिलहाऊस खोरं, केंटकी
१९ जानेवारी

प्रिय ब्रिना,

तू बरी असशील. इथे आम्ही ठीक. रस्त्यावर बर्फ गोठलाय म्हणून शाळेला सुट्टी आहे आणि मी चालवते ती शाळेची बस अंगणात उभी आहे. कुत्र्याचा पाय बरा झाला. पुन्हा सगळ्यांवर भुंकायला लागलाय.

आणखी एक बातमी. आपल्याकडे कोणी मेलेलं नाही, तरी मयताचं जेवण आलंय.

सोमवारी शेजारची नेडीन ओव्हनमध्ये भाजलेल्या फरसबीचं भांडं घेऊन दारात उभी. मी विचारलं, "कोण गेलं गं?" तिनं मला मिठीच मारली. म्हणाली, "वर्लीन, देवापुढे कुठलंच पाप मोठं नसतं." मी तर बर्फात घसरू नये म्हणून बसच्या चाकाला साखळी लावून नुकतीच घरात आले होते, हातांना काळं लागलेलं. कुठलं पाप? दुपारपर्यंत बटाटे आले, हॅम आलं, कोंबडीचा रस्सा आला. प्रत्येकीचा चेहरा मयताला आल्यासारखा. शेवटी नेडीनलाच फोन करून दम भरला, तेव्हा ती म्हणाली, "ओपलनं तुझं नाव चर्चच्या प्रार्थनेच्या साखळीत टाकलंय. ब्रिनाच्या निबंधावरून."

तू तो निबंध ओपलला पाठवलास! का, तर पूर्वी ती शाळेत शिकवायची, चुका काढून देईल. अगं, पाद्रीसाहेबांची बायको झाली म्हणून काय झालं, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खोऱ्यातल्या शेळ्यांनासुद्धा माहीत आहे. तिनं एकीला फोन केला, तिनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला. प्रार्थनेच्या नावाखाली माझी अब्रू संध्याकाळच्या आत नदीपलीकडे पोचली. मी ओपलकडे गेले आणि तिच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तो निबंध वाचला. ती डोळे पुसत म्हणाली, "मुलीनं काय सुंदर लिहिलंय गं!"

सुंदरच आहे. 'बाबा दार ठोठावत होते. आई जागची हलली नाही. त्या सकाळी मी ठरवलं, ज्यांच्या बाजूनं कोणी बोलत नाही त्यांच्या बाजूनं मी बोलेन.'

रागावून तुला फोन केला तर तू काय म्हणालीस? "आई, वकिलीच्या कॉलेजच्या अर्जात असंच लिहावं लागतं. तुझ्यावर काय गुदरलं ते दाखवलं नाही तर ते अर्ज बाजूला ठेवतात. सल्लागार बाई म्हणाल्या, अजून खोल जा." खोल जा! तुझ्या बापाची पाठ ज्या खाणीत मोडली तीही खोलच होती. त्या बाईंना म्हणावं, आधी तिथे उतरून या.

तो तुझाही बाप होता, कबूल. त्याचं दुःख तुझं आहे, त्यावर लिही, मी कोण नको म्हणणारी? पण तुझ्या हनुवटीवरचे टाके त्या निबंधात कुठे आहेत? तुला पिकअपमध्ये बसवून, पाठदुखीच्या गोळ्यांच्या नशेत त्यानं गाडी ओढ्यात घातली, ते कुठे आहे? मी शोधलं. तेवढंच नाही सापडलं.

त्यानंतर आपण कोर्टात गेलो होतो, आठवतं? तू बाहेर बाकावर पाय हलवत शेंगदाण्याची बिस्किटं खात होतीस. आत न्यायाधीश बाई मला म्हणाल्या, "मिसेस कॉम्ब्स, त्याला एकदा जरी घरात घेतलंत तरी मुलगी तुमच्याकडे राहणार नाही." मी म्हटलं, "समजलं." बाहेर आले आणि तुझ्या कोटावरचा चुरा झटकला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीला काय सांगणार होते, की तुझ्यासाठी तुझ्या बापाला बाहेर ठेवलंय?

आणि त्या रविवारी तो आला. मी मक्याचा पाव भाजत होते. कर्टिसनं दार ठोठावलं. माझा हात कडीवर होता, ब्रिना. तू लिहिलंस जागची हलली नाही. मी हलले होते. कडी अर्धी सरकली होती. मग मागे वळून पाहिलं तर तू मोजे घालून उभी, हनुवटीवर पट्टी. मी कडी परत लावली.

तो चर्चच्या आवारात जाऊन गाडीत बसला आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या घेतल्या. उपासनेला आलेल्यांना तो तिथे सापडला, एवढंच लोकांना माहीत होतं. त्याआधी तो आपल्या दारात आला होता, हे तुला आणि मला. आता ओपलमुळे सगळ्या खोऱ्याला.

भांड्यांखाली नावाच्या चिकटपट्ट्या आहेत, म्हणजे परत करणं आलंच, आणि रिकामं भांडं परत करायची आपल्यात पद्धत नाही. सगळ्यांसाठी मक्याचा पाव भाजला. निळं भांडं कोण पायरीवर ठेवून गेलं होतं, ते खालची पट्टी वाचल्यावर कळलं. तुझ्या यूला आजीचं. कर्टिस गेल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. तिच्याकडे मी सगळ्यात शेवटी गेले. वाटलं, आता ही म्हातारी मला शिव्या घालणार. पोटचा पोरगा तिचा.

तिनं भांडं घेतलं. विचारलं, "दारात काय म्हणाला तो?"

मी सांगितलं, "म्हणाला, वर्लीन, पाव भाजतेस होय? वास रस्त्यापर्यंत येतोय."

तिनं एक तुकडा मोडला आणि हातात धरून बसली. खाल्ला नाही. मग म्हणाली, "लहानपणीही ओव्हनपाशीच बसून राहायचा मेला." आणि मला बसायला खुर्ची ओढली.

तिनं विचारलं, ब्रिना. एवढ्या वर्षांत तू विचारलं नाहीस. दुसरी बाजू ऐकलीच नाहीस आणि निकाल देऊन मोकळी झालीस. अशी वकील होणार आहेस?

अर्जाची मुदत महिनाअखेर आहे म्हणालीस. निबंध पाठव. मी आडवी येणार नाही, वकील झालीस तर मलाच आनंद आहे. पण न्यायाधीश बाई काय म्हणाल्या ते त्यात घाल, आणि तुझी हनुवटीही घाल. ते जमत नसेल तर मला त्यातून काढून टाक. अर्धी आई मी कोणाला वाचू देणार नाही.

शनिवारी रस्ता मोकळा होईल. घरी ये. ओपलच्या हॅमचं भांडं मी घासून ठेवलंय, ते तू नेऊन दे. रिकामं.

तू आत होतीस म्हणून दार न उघडलेली,
तुझी आई