साखर नाही, असं लिहिलेली वही

आबा, आज तुमच्याशी भांडायला बसलेय. तुम्ही होता तोवर तुमच्यापुढं तोंड उघडायची माझी टाप नव्हती. सत्तर सालानंतरची ती वर्षं, मी सांगलीच्या दवाखान्यात नर्स होते. आमचे डॉक्टर साखरेच्या रोग्यांना एकेक वही द्यायचे. काय खाल्लं, किती चाललो, रोज लिहायचं. महिन्याला मी ती वाचून पथ्याला दहापैकी मार्क द्यायचे. बाकीच्यांच्या वह्या म्हणजे नुसता आनंदीआनंद. तुमची मात्र पलटणीतल्या हजेरीसारखी. ‘सकाळी दोन मैल. भाकरी दीड. साखर नाही.’ एक दिवस चुकलेला नाही. डॉक्टर ती सगळ्यांना दाखवायचे आणि मी ताठ मानेनं वॉर्डात फिरायचे.

आणि तरी तपासणीला तुमची लघवी नळीत निळं औषध घालून उकळली की रंग विटकरी. म्हणजे साखर भरपूर. आई एकदा म्हणालीसुद्धा, “आवं, समदं लिवताय न्हवं वहीत?” तुम्ही डोळे वटारलेत. “पलटणीत धा वर्सं काढल्यात म्या. खोटं लिवीन व्हय?”

खोटं नव्हतंच ते. तुम्ही चालत जायचा ते आपल्या मलकापूरच्या शिवारातल्या गुऱ्हाळावर. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला तोंड गोड केल्याशिवाय कोण सोडतंय? नको म्हटलं की मालक रुसणार. मग पानावर गरम गूळ, वर तांब्याभर रस. घरी येऊन लिहायचं, साखर नाही. तुमच्या लेखी साखर म्हणजे चहातली. आणि आमच्या वहीत तरी गुळाचा रकाना कुठं होता? सगळा मुलूख उसाचा, आणि आम्ही शहाणे विचारत बसलो, साखर खाल्ली का!

मग अंगठ्याला ठेच लागली. जखम चिघळली, पाय काळा पडला, गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आल्यावर तुम्ही आधी वही मागितलीत. “चालायच्या रकान्यात आता काय लिवू गं?” असं विचारलंत. मी वही उशाशी ठेवून पट्टी बदलायला घेतली. आठवड्यात तुम्ही गेलात. मी अजून मनातल्या मनात तुमच्यासमोर उभी आहे आबा, आणि तुम्ही पेन्सिल धरून वाट बघताय. काय करू मी, सांगा ना.

हे पत्र कुठं टाकणार? राहील माझ्यापाशीच. म्हणून एक लिहून टाकते, आईलासुद्धा सांगितलेलं नाही. ठेच लागायच्या आधी, माघात, मी न कळवता रजेवर आले होते. बांधावरून तुम्ही दिसलात, रस उकळत्या काहिलीजवळ बसलेले, बोटं चाटत होता. हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. पण दुसऱ्याच आठवड्यात पुण्याहून मोठे डॉक्टर येणार होते, त्यांना दाखवायला तुमची वही निवडली होती, आणि ती माझ्या रोग्याची म्हणून शाबासकी मला मिळणार होती. मी तशीच मागं फिरले.