सोबतीला आजी

आपल्या मायला कुणी जेलचा शिपाई करतं का रे? आरतीच्या खोलीला नवं कुलूप आणलंस, किल्ली माझ्या हातात दिलीस, तुझ्याच पोरीचा मोबाईल खिशात घातलास आन जीप वळवून लातूरला निघून गेलास. तेव्हापासून मला शेताकडं जाता येईना, दळणाला जाता येईना, कुणाच्या दारात दोन घटका बसता येईना. कैदी एक आन अडकलो दोघी. बोलायचं ते बोलून झालं, आता मायना घालते.

प्रिय किशन,

मी बरी हाय. गुडघा दुखतो, पण तू इचारत न्हाईस म्हणून मीही सांगत न्हाई. तूर चांगली फुलली हाय म्हणतात. आरती जेवते. कुलूप काढून हाक मारली की येते, काम सांगितलं की करते. परवा सगळी डाळ निवडून झाली, तर निवडलेलीच डाळ तिनं पुन्हा निवडायला घेतली. रडली असती तर मी रागावले तरी असते. रडत न्हाई, भांडत न्हाई, तुझं नाव काढत न्हाई. खिडकीच्या गजाला पाठ लावून नुसती बसून राहते. तू रोज संध्याकाळी फोन करतोस आन एकच इचारतोस, माय, कुलूप हाय का? पोरगी कशी हाय, हे एकदा तरी तुझ्या तोंडातनं निघालं का?

आता त्या डोंगराचं. दिवाळीनंतर तिच्या नांदेडच्या कॉलेजातली पोरं किनवटकडं एका दिवसासाठी डोंगर चढायला निघाली, तेव्हा तूच म्हणालास, जायचं तर आजीला सोबत घेऊन जा, न्हाईतर जाऊ नको. आपल्या घरात ही रीतच हाय. मी माहेरी निघाले की तुझा धाकटा काका सोबत असायचा. वय वर्षं सहा. त्याचं नाकही मलाच पुसावं लागायचं. म्हणून मी हाव म्हणाले. नांदेडहून गाडीत बसलो तर त्या आठ-दहा पोरांत लुगड्यातली मी एकटी. आधी सगळी मोबाईलात तोंड घालून बसली. मग त्यांच्यातला हमजा, त्याची जीभ लई चालते, तो म्हणाला, आजी, तुम्ही पोलिसात पाहिजे होत्या, चोर आपणहून आले असते. मी म्हणाले, पहिला तूच आला असतास. तेव्हा कुठं हसली आन मला आपल्यात धरलं.

पायथ्याला मोहाचं झाड होतं. पोरं म्हणाली, आजी, तुम्ही सावलीत बसा, आम्ही जाऊन येतो. मी म्हणाले, माझ्या लेकानं मला झाडाची राखण करायला पाठवलेलं न्हाई. काष्टा आवळला आन चढले. निम्म्यावर दोन मोठ्या दगडांमधनं वाट हाय, अंग तिरकं करून वर जायची. पोरं सुळकन गेली. मी फसले. कंबर पुढं जाईना, मागं येईना. अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. मला एवढंच वाटलं, इथं मेले तर ही पोरं मला खाली कशी नेतील. आरतीनं माझं मनगट धरलं, पण ती काडी, माझ्या वजनानं तीच घसरायला लागली. तेव्हा हमजानं तिचा दुसरा हात धरला, बाकीच्यांनी त्याला कमरेला धरलं आन विहिरीतनं मोट ओढावी तसं मला वर काढलं. चोळीची बाही फाटली. पोरं हसत होती. मीही हसले.

तोच तो फोटो, किशन. हॉस्टेलात आरतीच्या खोलीत मनतशा राहते, तिनं काढलेला. मोबाईलवर टाकताना तिला वाटलं, फसलेली म्हातारी कशाला चारचौघांना दाखवायची, आजीला बरं वाटणार न्हाई. म्हणून माझ्याकडची बाजू कापली. बाकीची पोरं फोटोत मावलीच नव्हती. तिनं माझी इज्जत राखली आन उरलं काय, तर आरतीचा हात हमजाच्या हातात. भावकीतल्या कुणीतरी तो तुला पाठवला आन तू दुसऱ्या दिवशी जीप घेऊन नांदेडला. अरे, तिच्या दुसऱ्या हाताला मी लोंबत होते. सोबत म्हणून पाठवलंस मला आन गवाही घ्यायची वेळ आली तेव्हा मला सोडून सगळ्या भावकीला इचारलंस. मी सांगायला लागले तर म्हणालास, माय, तू मधी पडू नको. मी मधीच होते रे, दोन दगडांच्या.

त्याचं नाव हमजा नसतं, हरिओम असतं, तर तू एवढा तापला असतास का, हेही एकदा बघ. त्या दोघांत काही हाय का, मला माहीत न्हाई. मी इचारलं न्हाई आन इचारणारही न्हाई. बघितलं तेवढं सांगते. डोंगरावर काय हाय म्हणशील तर वारा हाय आन शेळ्यांच्या लेंड्या. तिथं आरती पाय पसरून बसली होती. हातात सीताफळ, गालात बिया, आन मोठ्यानं सांगून राहिली होती, कुठल्या झाडाला काय म्हणतात ते. आपल्या घरात तिला पाय पसरून बसलेली मी कधी बघितली न्हाई. मी बसले न्हाई, तुझी बायको सिंधू बसत न्हाई. तू सोफ्यावर आडवा होतोस तेव्हा ती दारात उभी असते. आरतीची पिशवी जीपमध्ये फेकलीस त्या दिवशीही दारातच उभी होती, पदराचं टोक दातात धरून. दहावी शिकलेली बाई. माझ्यापेक्षा दहापट चांगलं अक्षर. आन तिच्या पोरीचं लग्न ठरवताना तिला काय वाटतं, ते कुणाच्या कानावर आलं न्हाई.

उमरीचे पाहुणे रविवारी आरतीला बघायला येणार म्हणालास. पोराकडं ट्रॅक्टर हाय, घर स्लॅबचं हाय. असल. कुलूपही मोठं असल. तिची परीक्षा ह्याच आठवड्यात हाय म्हणाले, तर म्हणालास, परीक्षा काय, पुढच्या वर्षीही येते. तेव्हापासून मी इचार करून राहिले. त्या दगडांत अडकले होते ते बरं होतं. तिथं ओढायला माणसं होती.

हे पत्र मी घरी बसून लिहीत न्हाई. अहमदपूरच्या स्टँडावर बाकड्यावर बसले हाय. आरतीची नांदेडची गाडी आत्ता सुटली. तिनं खिडकीतनं हात हलवला, मी पिशवी धरून बसले होते, मी काही हलवला न्हाई. फोन केला असता तर तू गाडीच्या आधी नांदेडला पोचला असतास, म्हणून पत्र टाकते. तुला मिळेपर्यंत तिचे पेपर सुरू होतील आन पाहुण्यांना येऊ नका म्हणायला तुला वेळही राहील. तोवर तू संध्याकाळी इचारलंस की मी म्हणीन, हाव, कुलूप हाय. खोटं न्हाई ते, रिकाम्या खोलीला घालूनच आले. आन हॉस्टेलच्या मॅडमला फोन करून सांगून ठेवलंय, बाप न्यायला आला तर पोरगी एकट्या बापाबरोबर सोडायची न्हाई, सोबतीला आजी पाहिजे. रीत आपल्याच घरातली हाय. मी काही नांदेडला यायची न्हाई. गुडघा दुखतो.

तुझीच
माय

ह्याचं उत्तर तू लिहायचं न्हाईस. सिंधूनं लिहायचं, स्वतःच्या हातानं, आन तुला न दाखवता पोस्टाच्या पेटीत टाकायचं.