काळे चौकोन, कोरे गोल

बाबा, तुमच्या धाकट्यानं दारू सोडून आठ महिने झाले. हे तो नाही, त्याची बायको सांगते आहे, म्हणून लिहिते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. उगाच कौतुक करणाऱ्यांतली ती नाही. त्याच्या मारापायी दीड वर्षापूर्वी लेकीला घेऊन नरखेडकडे माहेरी गेली. तरी दर मंगळवारी एसटीनं येते आणि धंतोलीतल्या व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात त्याच्या शेजारी बसते.

या मंगळवारी मीही गेले होते. डॉक्टरीणबाईंनी आपल्या घराण्याचा तक्ता मांडला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. पिणाऱ्याचा चौकोन काळा. धाकटा वाडवडिलांची शेती सांगावी तसा खुशीत सांगत होता: आजोबा, तुम्ही, काका, मग तो. "रक्तातच हाय जी आमच्या," म्हणाला. बाई म्हणाल्या, पिण्याची ओढ काही अंशी वारशानं येते, तापटपणाही येऊ शकतो; पण हात उचलायला लावणारं एकच एक जनुक काही सापडलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, यांतले मारायचे कोण?

आजोबांपाशी आम्ही अडलो. ते कधी हात उचलत नसत; पिऊन आले की चुलीपाशी बसून सगळ्यांसाठी भाकरी थापायचे, जाड, करपलेल्या. अजून डोळ्यांपुढे आहे: आई तोंडाला पदर लावून हसते आहे, आम्ही दोघं त्या भाकरी गायीला चारतो आहोत. त्याच स्वयंपाकघरात तुम्ही ताट भिरकावता, वरण भिंतीवरून ओघळतं, आणि सकाळी संत्र्यांची पिशवी आणून ठेवता.

मी भाकरींचं सांगितलं तशी भावजय नवऱ्याकडे वळली. "मंग आजोबाचं रक्त कुठी गेलं? ते नाही आलं तुमच्यात? अन् ताईमंदी तेच रक्त नाही का? त्यायचा गोल तं कोराच हाय. आपल्या पोरीचाबी."

धाकट्यानं तक्त्यातल्या आपल्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "हात माहाच होता."

निघताना तिनं सांगितलं, रविवारी लेकीला घेऊन येते, दोन दिवसांसाठी. तेव्हापासून धाकटा घर झाडतो आहे. झाडलेलंच पुन्हा झाडतो.

बाबा, हे पत्र पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. त्यानं लहानपणी रागानं पाटी फोडली, तेव्हा "बाबांवरच गेलास" असं पहिल्यांदा मी म्हटलं. पुढे दर वेळी म्हणत गेले, त्यानं बायकोवर हात उचलला तेव्हासुद्धा. रविवारी अकराच्या एसटीनं त्या दोघी उतरतील. त्याआधी मला हे तुम्हाला नाही, त्याला सांगायचं आहे.