लिंबाचा पाला

जोतिराम भावजींना नमस्कार.

तुमच्या आईच्या घशातली नळी आज काढली. त्या आता स्वतःच श्वास घेतायत, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

मण्यार चावल्यावर मी बोलावलेली जीप तुम्हीच परत पाठवलीत. आईंना कडुलिंबाचा पाला चघळायला दिलात आणि म्हणालात, “कडू लागतंय की! म्हंजे इख चढलं न्हाय. निजू दे तिला.” दुसरी जीप येईपर्यंत त्यांची वाचा गेली होती. विषावरची इंजेक्शनं दिली म्हणून त्या वाचल्या. तरी तुम्ही पारावर सांगताय, लिंबानं आई तरली!

नळी निघताच आई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “जोत्या आला की त्येला पाला चघळाय लावते. समद्यांम्होरं.”

म्हणून हे पत्र पाठवत नाही; वाचलंत तर यायचंच टाळाल. उद्या तुम्ही याल. पाला उशाशी ठेवलाय.

तुमची भावजय,
सुकन्या