सायकलला बांधलेली शेवंती

आई, आज दसरा. सायकल तळघरात नेऊन ठेवली. इथे सापोरोत बर्फ पडायच्या आत हे करावंच लागतं, नाहीतर सायकल एप्रिलपर्यंत बर्फाखाली. धुतली, पुसली, चेनला तेल दिलं, चाकांत हवा भरली. मे महिन्यात तुझ्या शाळेला सुट्टी लागली की तू तुझी सायकल अशीच आवरून ठेवायचीस, आणि मला कामाला लावून वर दटावायचीस, "चेन पुसून झाल्याशिवाय ताटावर बसायचं नाही!" अजूनही मी आधी जेवत नाही. काय बिशाद आहे माझी!

आधी आम्ही टोकियोत, ओजिमाला होतो. तू गेल्याचा फोन तिथेच आला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तुला एक फूलसुद्धा मला वाहता आलं नाही, याचं फार वाईट वाटत राहिलं. कुणाला बोलले नाही.

मग यांच्या कंपनीनं इकडे पाठवलं. पहिल्याच दसऱ्याला ठरवलं, तू करायचीस तशी सायकलची पूजा करायची आणि मगच ती ठेवायची. झेंडू कुठला मिळायला? पण सुपरमार्केटात शेवंतीच्या जुड्या होत्या, पिवळ्या-पांढऱ्या, टवटवीत. मी खूश! हँडलला हळदकुंकू लावलं, बास्केटला जुडी बांधली आणि कव्हर आणायला वर गेले. परत येते तर शेजारच्या आजी सायकलपुढे डोळे मिटून, हात जोडून उभ्या. मला बघितलं आणि किंचाळल्याच. लेक तेव्हा दुसरीत होती. ती माझ्यामागून ओरडते, "आई, ही ओहाकाची फुलं! थडग्यावर ठेवतात ती!" मी मेले असं समजून आजी मला निरोप देत होत्या.

हसून हसून त्या पायरीवरच बसल्या. तोवर आमचं "कोन्निचिवा"पलीकडे बोलणं नव्हतं. "पण सायकलला फुलं कशाला?" त्यांनी विचारलं. मी मोडक्यातोडक्या जपानीत म्हटलं, "वर्षभर राबते ना ती. आईनं शिकवलंय."

"आई कुठे असतात?"

मी फुलांकडे बोट दाखवलं. आजी उठल्या, स्कार्फ नीट केला आणि पुन्हा हात जोडले, या वेळी तुला. मीही जोडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेव्हापासून आजी दर दसऱ्याला खाली येतात आणि हक्कानं पेढा मागून घेतात. यंदा लेकीनं बाल्कनीत मुद्दाम झेंडू लावला होता. "आता तरी बरोबर फुलं वाहा," म्हणाली. भरभरून फुललाय. त्याचं तोरण मी दाराला लावलं, आणि सायकलला शेवंतीच बांधली. झेंडू पुरला नाही, असं तिला सांगितलं. हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. पुरला होता गं.